पोर्चमधले लाल थेंब आणि गाडीतली दुसरी काडी



मागच्या वेळी मेतकुटाचं प्रमाण अर्धवट सांगून ठेवलंय, ते पुढच्या वेळी पुरं करीन. आज गाडीच्या तेलाबद्दल लिहिणार आहे. पेट्रोल नाही, इंजिन ऑईलही नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये एक लाल तेल असतं, त्याबद्दल. तुम्ही म्हणाल, काकूंना हे काय सुचलं? पण आपल्यातल्या कितीतरी जणी आता ऑटोमॅटिक गाडी चालवतात, आणि त्यातल्या बहुतेकींना हे तेल असतं हेच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. त्यापायी गाडी तर जाणारच होती, पण त्याहून मोठी एक गोष्ट माझ्या हातून होत होती. म्हणून सगळं लिहिते.

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेसहाला पोर्च झाडायला गेले, तर गाडीच्या पुढच्या चाकाजवळ फरशीवर चार-पाच लाल थेंब. काळजात धस्स झालं. आमच्या आवारात मांजरीची तीन पिल्लं आहेत. थंडीत ती उबेला गाडीखाली जाऊन बसतात. आदल्या संध्याकाळी गाडी मीच लावली होती. टॉर्च आणून, जमिनीला गाल लावून गाडीखाली पाहिलं. मागच्या ओट्यावर जाऊन पिल्लं मोजली. तिन्ही होती. मग थेंबाला बोट लावलं, तर तेलकट लागलं. रक्त नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला आणि मी फडकं घेऊन ते थेंब पुसायला बसले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काडी! काडी!" आमचे हे काठी टेकत उंबऱ्यात उभे होते.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. सव्वादोन वर्षांपूर्वी यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावलं होतं की मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की असं होतं. त्यांना सगळं कळतं, आतून बोलायचंही असतं, पण हवा तो शब्द सापडत नाही. पाणी हवं असलं की 'पान' म्हणायचे, मुलीला हाक मारायची तर बहिणीचं नाव यायचं. आता बरंच सुधारलंय, तरी एका दमात दोन-तीन शब्दांपुढे गाडी जात नाही.

गाडी यांचीच. आठ वर्षांपूर्वी गुडघा दुखायला लागला, क्लच दाबवेना, म्हणून यांनी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. छोटीच, पेट्रोलवरची, चार गिअरची. मी तोवर फक्त स्कूटी चालवलेली. झटक्यानंतर आठवड्यातून तीन वेळा सांगलीहून मिरजेला फिजिओथेरपीला न्यायचं म्हटल्यावर रिक्षा परवडेना, आणि त्यांना चढता-उतरता येईना. मग बावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, म्हणूनच शिकू शकले. ही गाडी नसती तर यांचं पाऊल आज जितकं उचलतं तितकं उचललं नसतं, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते.

तर दिवाळीनंतर गाडी जरा वेगळं वागायला लागली होती. सकाळी दांडा डी वर टाकला की लगेच निघायची नाही. एक, दोन, असे आकडे मोजावेत आणि मग एकदम धक्का देऊन निघायची. मला वाटलं, थंडी आहे. मग एकदा रेल्वेच्या पुलावर चढताना इंजिनचा आवाज नुसताच वाढला आणि गाडी पुढे जाईना. मागे ट्रक होता. मी अॅक्सिलरेटर आणखी दाबला, आवाज आणखी वाढला, आणि मग हिसका बसून गाडी पुढे गेली. शेजारी बसलेल्या यांनी डाव्या हाताने डॅशबोर्ड धरला आणि म्हणाले, "काडी!"

त्या दिवसापासून हे चालू झालं. गाडीत बसलं की काडी. घरी आलं की काडी. मी काडेपेटी आणून दिली, ती यांनी टेबलावर आपटली. दात कोरायची काडी दिली, ती ढकलून दिली. उदबत्तीची काडीसुद्धा हातात देऊन पाहिली. एक दिवस "लाल काडी" म्हणाले, तेव्हा मी चक्क मुलीला फोन करून रडले, म्हटलं, यांचं पुन्हा बिघडायला लागलंय. आणि पुढे काय केलं सांगू? मी ऐकणंच सोडून दिलं. "हो हो, देते हं," असं लहान मुलाला म्हणावं तसं म्हणायचे आणि कामाला लागायचे.

गाडी मात्र नेहमीच्या गॅरेजला दाखवली होती. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "वहिनी, गिअरबॉक्स गेला. खोलावा लागेल. ऐंशी हजार धरा, लाखही होईल." बॉनेट उघडून पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडे तेवढे पैसे औषधपाण्यातून शिल्लक नव्हते. गाडी विकून टाकावी असं मनाशी ठरवत होते. मिरजेला कसं न्यायचं, हा विचार रात्री झोपू देत नव्हता.

आणि आता हे उंबऱ्यात उभे राहून माझ्या हातातल्या लाल झालेल्या फडक्याकडे बोट दाखवत होते. "लाल. काडी. गाडी." पहिल्यांदाच तिन्ही शब्द एकापाठोपाठ आले. मग त्यांनी डाव्या हाताची मूठ वर उचलली, झाकण उघडल्यासारखी. बॉनेट!

मी बॉनेट उघडलं. हे खुर्ची घेऊन शेजारी बसले. इंजिनपाशी पिवळ्या कडीची एक काडी दिसली, ती मी उपसली. यांनी मान हलवली. ती इंजिन ऑईलची. मग बोटाने आणखी आत, खाली दाखवलं. तिथे दुसरी काडी होती. दोन वर्षं गाडी चालवतेय, काच धुण्याचं पाणी या बॉनेटखाली मीच भरते, पण ही दुसरी काडी मी कधी पाहिली नव्हती. मिस्त्री लोक तिला गेज म्हणतात, पुस्तकात डिपस्टिक म्हणतात. आमचे हे पहिल्यापासून काडीच म्हणत. म्हणजे महिनाभर ते अगदी बरोबर शब्द बोलत होते. तो एक शब्द मेंदूने सांभाळून ठेवला होता आणि मी तो चुकीचा ठरवला होता.

मी काडी ओढून पाहिली, तर खुणेजवळ तेल दिसलं. "अहो, आहे की तेल!" म्हटलं. यांनी जोरात मान हलवली आणि किल्ली फिरवायची खूण केली. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. इंजिन बंद असताना पाहिलं तर हे तेल जास्तच दिसतं, कारण वरच्या भागातलं बरंच तेल उतरून खाली येऊन बसतं. इंजिन सुरू झालं की पंप ते ओढून घेतो आणि खरी पातळी कळते. कढईतली आमटी उकळताना वर दिसते आणि गॅस बंद केला की खाली बसते, त्याच्या अगदी उलट.

मग यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढायला लावलं. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात नोंदी होत्या. तारीख, किलोमीटर, 'पातळी बरोबर', 'रंग चांगला', एका ठिकाणी 'पाव लिटर घातले'. दर दोन-तीन महिन्यांनी एक. शेवटची नोंद झटक्याच्या अठरा दिवस आधीची. त्याखाली पान कोरं. ते टपोरं अक्षर पाहून मी पोर्चमध्येच मटकन बसले. तो उजवा हात आता पेन धरत नाही.

आता पातळी कशी पाहतात ते नीट सांगते. हे यांनी मला खुणांनी शिकवलं आणि मी पुस्तकाशी ताडून पाहिलं.

गाडी सपाट जागी हवी. उतारावर लावली तर पातळी खोटी दिसते. आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून तेल गरम होऊ द्यायचं, कारण हे तेल तापलं की फुगतं. काडीवर थंड तेलाची खूण खाली आणि गरम तेलाची वर असते. खरी धरायची ती गरमची. मग हँडब्रेक ओढायचा, पाय ब्रेकवर घट्ट ठेवायचा आणि दांडा सावकाश पी पासून आर, एन, डी आणि खालच्या गिअरपर्यंत न्यायचा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत, आणि तसाच परत पी वर आणायचा. यामुळे गिअरबॉक्सच्या सगळ्या वाटांत तेल भरतं. इंजिन बंद करायचं नाही. चालू इंजिनावर काडी उपसायची, स्वच्छ पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि परत उपसून पाहायची. तेल गरमच्या दोन खुणांमध्ये हवं.

दोन गोष्टी इथे विसरू नका. एक, इंजिन चालू असतं तेव्हा समोरचा पंखा फिरत असतो किंवा कधीही फिरायला लागतो. पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा, मंगळसूत्र लांब असेल तर आत घाला, बांगड्या मागे सारा. दुसरी, काडी पुसायला जुनी बनियन किंवा टॉवेलचा तुकडा घेऊ नका. त्याचे तंतू सुटतात. या गिअरबॉक्सच्या आत केसासारख्या बारीक वाटा असतात, तिथे एखादा धागाही अडकतो. पाणी गाळायला आपण जसं दाट विणीचं, तंतू न सुटणारं कापड घेतो, तसंच इथे घ्या. मी त्याच जातीच्या कापडाचा एक तुकडा आता गाडीत वेगळा ठेवलाय.

आणखी एक. सगळ्या गाड्यांची रीत एक नसते. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत गाडी गरम करून, इंजिन बंद करून, लगेच मिनिटा-दीड मिनिटात पाहायला सांगतात. म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते आधी वाचा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत तर काडीच नसते. तिथे गाडी रॅम्पवर सपाट उचलून, तेल ठरावीक तापमानाला आणून, एक बोल्ट उघडून पाहतात. ते घरी करायचं काम नाही. आणि २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली जी एएमटी गाडी असते, ती आतून साधी क्लचचीच गाडी असते. क्लच आणि गिअर बदलायचं काम तिथे यंत्र करतं. तिच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं. सीव्हीटीचं आणखी वेगळं. माझ्या जाऊबाईंची एएमटी आहे, त्या परवा लाल तेल शोधत बसल्या होत्या. म्हणून मुद्दाम लिहिलं.

तर यांनी सांगितल्याप्रमाणे मी कॉलनीतून हळूहळू फिरून गाडी गरम करून आणली. दांडा पुढे-मागे केला. काडी उपसली, पुसली, घातली, उपसली. नुसतं टोक ओलं! मघाशी पुरेसं दिसलेलं तेल खरं तर खालच्या खुणेच्याही खाली होतं.

हे तेल इतकं महत्त्वाचं का, ते मला नंतर मुलीने समजावलं. साध्या गाडीत इंजिन आणि चाकं क्लचच्या प्लेटेने जोडलेली असतात. आपल्या गाडीत तिथे टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक बंद डबा असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये हे तेल. एक पंखा इंजिन फिरवतं, त्याने तेल जोरात घुसळतं आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरा पंखा फिरतो. म्हणजे ताकद तेलातूनच पलीकडे जाते. पुढे गिअर बदलणाऱ्या प्लेटाही याच तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. पार्ट झिजू नयेत म्हणून वंगणही हेच, आणि आतली उष्णता रेडिएटरकडे वाहून नेणारंही हेच. अमेरिकेत ओल्ड्समोबाईलने १९४० च्या मॉडेलला हायड्रामॅटिक नावाचा असा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विकायला आणला, तेव्हापासून सगळा कारभार तेलावर आहे. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा घट्ट धरत नाहीत, घसरतात. पुलावर नुसताच वाढलेला आवाज तो हाच. घसरून घसरून त्या जळतात, आणि मग खरोखरच गिअरबॉक्स खोलावा लागतो.

यांनी माळ्याकडे बोट केलं. माळ्यावर एका पिशवीत त्याच तेलाची न उघडलेली बाटली होती. लांब नळीचं नरसाळंसुद्धा होतं. तेल घालायचं ते काडीच्याच नळीतून. मी अख्खी बाटली ओतायला निघाले, तर यांनी मनगट धरलं. चिमटीची खूण केली, 'थोडं'. मीठ घालावं तसं. थोडं घालायचं, दांडा सगळीकडे फिरवायचा, काडी पाहायची, पुन्हा थोडं. कारण जास्त झालेलं तेलही वाईट. फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाळलेल्या तेलाला दाब धरत नाही. चार वेळा करून पाऊण लिटर बसलं, तेव्हा पातळी दोन खुणांच्या मध्ये आली. डी वर टाकली आणि गाडी लगेच, अलगद निघाली. आरशात पाहिलं तर हे पोर्चमध्ये खुर्चीत बसून डाव्या हाताने मांडीवर ताल धरत होते.

पण तेल घातलं म्हणजे काम झालं असं नव्हे. हे तेल इंजिन ऑईलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय, किंवा आधीच्या वेळी कमी भरलंय. दुसऱ्या दिवशी मिरज रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. गाडीखाली जाऊन पाच मिनिटांत त्यांनी कारण काढलं. गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे तेल नेणारी रबरी नळी कडक होऊन तिच्या तोंडाशी चिरली होती. नळी आणि क्लिपा बदलल्या. मग त्यांनी काडीवरचं तेल पांढऱ्या कागदावर टिपलं आणि मला दाखवलं. आपण पाक बोटांत धरून पाहतो तसंच ते काम आहे.

नवं तेल पारदर्शक लाल असतं. तो रंग मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे गळती झाली तर कुठलं तेल ते कळावं. वापरून ते तपकिरी होत जातं, तोवर फार घाबरायचं नाही, पण बदलायचं मनावर घ्यायचं. काळं झालं आणि करपलेला वास आला तर आत प्लेटा जळताहेत. आणि गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय. तशी गाडी मुळीच चालवायची नाही, उचलूनच न्यायची. आमचं तपकिरी होतं, वास किंचित करपट. मिस्त्रींनी खालची थाळी उघडली. तिच्यात लोहचुंबक असतात, त्यांवर करडा, काजळासारखा मऊ लेप होता. "हे चालतंय वहिनी, एवढी झीज असतीया. पत्र्याचं तुकडं असतं तर मीच हात जोडलं असतं," असं ते म्हणाले. आतली जाळी बदलली, तेल बदललं.

एका वेळी खालून काढलं तरी सगळं तेल निघत नाही, निम्म्याच्या आसपास किंवा कमीच निघतं. बाकीचं त्या टॉर्क कन्व्हर्टरच्या डब्यात राहतं. म्हणून पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलायला त्यांनी सांगितलं, ते केलं. किती किलोमीटरला बदलायचं हे प्रत्येक गाडीचं वेगळं. साधारण ६०,००० ते १,००,००० च्या दरम्यान सांगतात, आणि उन्हाळा, गर्दी, घाट असं असेल तर लवकर. आपल्याकडे हे तिन्ही असतं. तेल मात्र पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं घ्या. दुकानदार म्हणतो, "लाल ते सगळं एकच." तसं नसतं. प्रत्येकाचं धरणं-सोडणं निराळं असतं.

सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आत झालं. लाखाच्या जागी. थंड सकाळी अजून एखादा क्षण गाडी अडते. त्या महिन्यात प्लेटा थोड्या घासल्या गेल्या, तेवढं नुकसान माझं. "आणखी महिनाभर तशीच चालवली असती तर संपली होती," असं मिस्त्री म्हणाले.

आता आपल्या मनातला प्रश्न. बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षर वाचायची आपल्याला सवय, म्हणून मी मुलीला विचारलं, "या तेलात असतं तरी काय?" तिने शोधून जे सांगितलं ते ऐकून मी सुन्न झाले. पूर्वी अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत. प्लेटांनी एकमेकींना झटका न देता धरावं, म्हणून. १९७० साली अमेरिकेने तो देवमासा नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला, त्याच्या तेलाची आयात बंद झाली, आणि मग कंपन्यांना दुसरे घटक शोधावे लागले. सुरुवातीला जड गेलं, पण सापडले. आज हे तेल खनिज किंवा कृत्रिम असतं, वर रासायनिक घटक. गाड्या काही अडल्या नाहीत. एवढ्या मोठ्या जिवाला मारून आणलेल्या तेलावाचून अडत नव्हतंच, हे त्याला वाचवायचं ठरवल्यावर कळलं.

पण आपल्या दारातल्या छोट्या जिवांचं काय? त्या सकाळी फडक्याने पुसलेल्या जागी मी नंतर पाहिलं, तर फरशीच्या फटीत राहिलेल्या तेलात सात-आठ मुंग्या अडकलेल्या. म्हणून सांगते, तेल सांडलं तर पाण्याने धुऊन गटारात किंवा मातीत लोटू नका. लाकडाचा भुसा टाका, तो तेल पिऊन घेतो. मग भरून वेगळ्या पिशवीत ठेवा. गॅरेजमध्ये काढलेलं तेल कुठे जातं ते विचारा. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरतात आणि नोंदणी असलेल्या लोकांनाच द्यायचं असतं. मी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी पिंप दाखवलं, ते नेणारा माणूस महिन्याला येतो म्हणाले. बाईमाणसाने विचारलं म्हणून कुणी हसत नाही. हसलं तर हसू द्या.

सगळ्यात शेवटी लिहिते ते लिहायला मला तीन दिवस लागले. गाडी ठीक झाली त्या रात्री मी यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, "अहो, तुम्ही महिनाभर सांगत होता. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली." दशलक्षणानंतर आपण गावभर क्षमा मागत फिरतो, फोन करकरून मागतो. पण यांच्याशी मी इतके दिवस "हो हो" करत होते, हे पाप मला कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. शब्द गेले म्हणजे शहाणपण गेलं असं मी धरून चालले होते. हे काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने डाव्या हाताने गाडीचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं, मागचं पान उघडून. आणि पेन.

मी लिहिलं. तारीख, किलोमीटर. नळी बदलली. तेल बदलले. पातळी बरोबर. यांनी वाचलं, आणि 'बरोबर' या शब्दावर बोट ठेवून तो मोठ्याने म्हणून दाखवला. एकदम स्पष्ट.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळचं पूजेचं आवरलं की आम्ही दोघं पोर्चमध्ये असतो. हे खुर्चीत, मी पदर खोचून. दांडा फिरवताना मी अक्षरं म्हणते, पी, आर, एन, डी, आणि हेही माझ्यामागून म्हणतात. बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या मॅडमना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "चालू ठेवा, याच्याहून चांगला व्यायाम मीही देऊ शकत नाही."

तुमच्या घरी ऑटोमॅटिक गाडी असेल तर या रविवारी पुस्तक काढून काडी आहे का ते पाहा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर काडेपेटी हातात द्यायच्या आधी जरा बसून ऐका.

मेतकुट पुढच्या वेळी नक्की.